मध्यवर्ती घराचे सार्वजनिक उपयोग

आमचं घर शहराच्या अगदी मध्यभागी आहे. हे आम्ही आपणहून कुणाला सांगत नाही. तरी लोकांना कळतं. समोर बाजार, शेजारी बँक, मागच्या गल्लीत कोर्ट. "तुमचं बरं आहे हो, सगळं कसं हाकेच्या अंतरावर!" असं म्हणत जो आत येतो, तो थेट बाथरूमकडे वळतो.

सुरुवात हिच्या चुलतभावापासून झाली. कोर्टात पुढची तारीख पडली, म्हणून मेव्हणे तोंड धुवायला आले. पुढच्या तारखेला वकिलांना घेऊन आले. त्यानंतर विरुद्ध पक्षही येऊ लागला.

शेवटी हिने वैतागून बाथरूमच्या दारावर कागद चिकटवला : 'नळ घट्ट बंद करावा. दिवा मालवावा.' इथेच चूक झाली.

आठवड्याभरात पालिकेचे निरीक्षक आले. त्यांनी आधी बाथरूम वापरलं, मग कागद वाचला.

"हे सार्वजनिक स्वच्छतागृह कधीपासून चालवता?"

"अहो, घर आहे आमचं!"

"घरात सूचना कोण लावतं? घरात माणसं ओरडतात. नियम स्पष्ट आहे. सूचना लावली की जागा सार्वजनिक."

"ओरडते की मी! यांना विचारा," ही म्हणाली. मी जोरात मान डोलावली. तोंडी पुरावा ग्राह्य धरला गेला नाही.

'सार्वजनिक स्वच्छता केंद्र' अशी रीतसर नोंद झाली. वेळ सकाळी सहा ते रात्री दहा. दुपारी एक तास साफसफाईसाठी बंद. साफसफाई आमच्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खांद्यावर टॉवेल टाकून निघालो, तर पिशव्या सांभाळत उभ्या असलेल्या एका बाईंनी हटकलं.

"काका, रांगेत या. आम्ही काय हौस म्हणून उभ्या आहोत?"

"मी इथेच राहतो."

"मग तुम्हाला कसली घाई? आम्हाला लांब जायचंय!"

मी एकोणिसावा होतो. साठी उलटलेल्या प्रकृतीला एकोणिसावा क्रमांक मानवत नाही. त्याच दुपारी मी 'आमच्या घरास पुन्हा घर समजावे' असा अर्ज केला.

"होईल की," कारकून म्हणाले. "फक्त हरकती मागवणारी सूचना तीस दिवस दारावर लावा."

लावली. एकशे बारा हरकती आल्या. पहिली मेव्हण्यांची : 'रहिवाशांनी जनहित पाहावे.' दुसरी आमच्या सख्ख्या मुलीची. ती उपनगरात राहते, बाजाराला इकडेच येते. निकाल लागला : केंद्र चालू राहील, निवासी दांपत्यास, अडथळा होणार नाही अशा बेताने, तेथे राहण्याची मुभा असेल.

शेवटच्या हरकतीखाली मात्र सही नव्हती. 'माझी निळी छत्री तेथे राहिली आहे. केंद्र बंद झाल्यास ती कोठे मिळेल?' एवढंच.

अक्षर मी ओळखलं. वाचकहो, तुमचंच ते. छत्री दारामागेच आहे, कधीही या. तुम्हाला काय, सगळं वाटेवरच. फक्त मागच्या वेळीही नळ तुम्हीच उघडा ठेवला होता, तेवढं बघा.