सावधानरावांच्या तीन प्रती

विमा कंपनीत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला आधी संकट दिसतं आणि मग समोरचा माणूस. आपल्या या गृहस्थांचंही तेच झालं होतं. जळालेली गोदामं आणि बुडालेली तळघरं पाहून पाहून त्यांचं प्रत्येक वाक्य 'सावधान!' असं सुरू व्हायचं. म्हणून ऑफिसने त्यांचं नाव सावधानराव ठेवलं आणि ते सासुरवाडीपर्यंत जाऊन पोचलं. त्यांना ते कौतुकच वाटायचं, हे विशेष!

त्या रविवारी दुपारी त्यांची बायको जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि कित्येक वर्षं मुलांसाठी कीटकांवर एक पुस्तक लिहीत होती. टिपणं, फोटो, हाताने काढलेल्या आकृत्या, सगळं त्या लॅपटॉपवर. सोमवारी सकाळी ते प्रकाशकाला द्यायचं होतं.

"सावधान! याचा बॅकअप कुठाय?"

"अहो, राहू द्या ना. उद्या देऊनच टाकतेय."

"उद्या! आणि आज लॅपटॉप पडला तर? आग लागली तर? आमच्याकडे रोज माणसं रडत येतात, सगळ्यांचं म्हणणं एकच, उद्या करणार होतो! सरक, मी बघतो."

बायकोने एकदा लॅपटॉपकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"बरं. एवढं हातातलं आटपू द्या," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात सरकवला आणि गॅलरीत झाडांना पाणी घालायला गेली.

सावधानरावांनी बाह्या सरसावल्या. स्क्रीनवर 'कीटक' नावाचा पिवळा फोल्डर होता. तो उचलून पेनड्राइव्हवर टाकला. क्षणात गेला! मग हार्ड डिस्कवर. तिथेही पापणी लवायच्या आत! मग इंटरनेटवर. वर्षानुवर्षांच्या कामाची नक्कल अशी चुटकीसरशी तीनदा झाल्यावर दुसऱ्या कुणाला शंका आली असती. सावधानरावांना नव्या केबलचं कौतुक वाटलं!

इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण ऑफिसात दरवर्षी आगीची रंगीत तालीम व्हायची. भोंगा वाजवून सगळ्यांना जिन्याने खाली पिटाळायचं, मोठ्या साहेबांनासुद्धा. वेळ आल्यावर काय होईल ते वेळ आणल्याशिवाय कळत नाही, यावर सावधानरावांची श्रद्धा होती. त्यांनी 'कीटक' उडवला. शोधाशोध केल्यावर लॅपटॉपच्या पोटात आणखी एक 'कीटक' सापडला, तोही उडवायला घेतला. लॅपटॉपने बिचाऱ्याने विचारलंसुद्धा, हे फार मोठं आहे, कायमचं काढून टाकू का? तालीम म्हणजे तालीम! 'हो.'

"अगं, पळत ये! लॅपटॉप जळाला!"

बायको झारी घेऊनच धावत आली.

"समज, जळाला! ती झारी ठेव आधी! आता बघ गंमत."

त्यांनी ऐटीत पेनड्राइव्ह लावला आणि 'कीटक'वर टिचकी मारली. 'ही वस्तू सापडत नाही.' हार्ड डिस्क लावली. सापडत नाही. इंटरनेट उघडलं. तिथेही तेच रडगाणं!

"अहो, कोपऱ्यात हा बारीकसा बाण दिसतोय?" बायको वाकून म्हणाली. "हा फोल्डर नाहीच. हा शॉर्टकट. नुसता घराचा पत्ता."

"आणि घर?"

"घर आत होतं. ते कुठाय?"

सावधानरावांना आता कुठे उमगलं. एकाच पत्त्याच्या तीन प्रती करून त्यांनी घर स्वतःच्या हाताने पाडलं होतं! भिंग घेऊन झुडपात तासन्‌तास बसणारी बायको त्यांच्या डोळ्यांपुढे आली, एकेका आकृतीपायी निवलेला तिचा चहा आठवला, आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मी वाटोळं केलं गं तुझं," ते म्हणाले. "मी प्रकाशकाचे पाय धरतो. तू सांग, मी टाइप करतो. आत्तापासून बसू. मला मुंगीला किती पाय तेही माहीत नाही, पण..."

"सहा," बायको म्हणाली आणि तिने फोन लावला. पलीकडे तिची थोरली बहीण होती. तिचं औषधांचं दुकान होतं. बायकोने फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, कीटक पाठव गं."

"कुठले पाठवू?" ताई अगदी दुकानातल्या आवाजात म्हणाली. "सावधानरावांनी पंखा खोलला त्या दिवशीचे आहेत, गीझर उघडला तेव्हाचे आहेत, वायफाय सुधारलं तेव्हाचे..."

"आजचे. 'मी बघतो' म्हणाले, तेव्हा लगेच पाठवले ते."

"हां, ते वरच आहेत. काय केलं?"

"आग लावली."

एवढी वर्षं सावधानराव या घराला आग, पूर आणि चोरीपासून जपत होते, आणि घर त्यांच्यापासून जपत होतं! खरं तर राग यायला हवा होता. पण पुस्तक बचावलं होतं, आणि त्यांना इतकं हलकं वाटत होतं की रागाला जागाच उरली नाही. ते फोनजवळ सरकले.

"ताई, तुमच्याकडे थोडी जागा असेल का? माझ्याही काही फायली ठेवायच्या होत्या."

"ठेवते की!" ताई म्हणाली. "फक्त तुम्ही पाठवू नका. तिला पाठवायला सांगा."