जीवदयेचा झाडू

विधीचा रोबोट मुंगी दिसली की जागच्या जागी थांबायचा. नुसता थांबायचा नाही, तिच्या दादीच्या, राजकुंवरबाईंच्या आवाजात खेकसायचा, "थांब मेल्या! जीव आहे!"

तेरा वर्षांच्या नातीने जुन्या मोटारी, चाकं आणि फुटक्या मोबाइलचा कॅमेरा जोडून झाडणारा रोबोट केला, तेव्हा जळगावच्या त्या जैन घरात पहिला सवाल राजकुंवरबाईंनीच टाकला होता. "याच्या चाकाखाली मुंगी मेली, तर पाप कुणाच्या माथी?"

मग विधीने त्याला शिकवलं, बारीक काळं दिसलं की ब्रेक. आवाज दादीचा भरला. घरात सगळे थांबतात ते त्याच आवाजाला.

पण मशीनला अक्कल ती किती? मोहरी दिसली, थांब. मिऱ्याचा दाणा दिसला, थांब. आजोबा सुभाषचंदांच्या पायावर काळा मस होता, त्याच्यापुढे तर ठाण मांडूनच बसायचा.

सुभाषचंद वैतागले. "शाळेच्या रोबोट-स्पर्धेत पहिला नंबर आण, मग खुशाल रोबोटचं शीक. नाही आला तर कॉमर्स घ्यायचं नि दुकानात बसायचं."

चुलतभाऊ रोनकला गुदगुल्या झाल्या. "रोबोट शिकायचा कशाला? विकत मिळतो की! हा बघ माझा."

"आणि बिघडला तर?"

"दुसरा घेईन."

स्पर्धेत प्रत्येकाला जमिनीवर एकेक चौकोन आखून दिला होता, आत कचरा टाकलेला. परीक्षक प्रेमराज सर विधीच्या चौकोनावर वाकले. "हा रोबोट आहे की खेळणं?" म्हणून मान हलवत हसले आणि पुढे गेले.

शिट्टी झाली. रोनकचा रोबोट सुसाट. विधीचा चार पावलं गेला आणि, "थांब मेल्या! जीव आहे!"

हॉल खदखदून हसला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. विधीचे डोळे भरले. रोनक हात उंचावून नाचत होता.

"सर, निकाल सांगा!" पोरं ओरडली. सर ढिम्म. कुणीतरी कोपर लावलं, तेव्हा त्यांनी कानाला हात लावला आणि पांढरे पडले. "माझं कानातलं मशीन! हलू नका कुणी!"

कुणाच्या कचऱ्यात गेलं की काय, म्हणून सगळ्या रोबोटांचे डबे उघडले. रोनकच्या डब्यातून कोटाची दोन बटणं आणि त्याच्याच सायकलची किल्ली निघाली. मशीन नाही.

प्रेक्षकांत बसलेल्या राजकुंवरबाई खुर्चीवरून उठल्या. "अरे शिकलेल्यांनो, माझा आवाज मघापासून कुठे बोंबलतोय, ते तरी बघा!"

विधीच्या रोबोटच्या चाकापुढे, बोटभर अंतरावर, एवढंसं काळं मशीन पडलं होतं.

सरांनी ते पुसून कानात घातलं. पहिला शब्द ऐकू आला तो "मेल्या". तरी ते हसले. "झाडू कुणीही मारतं. कुठे मारू नये, हे या एकालाच कळलं. पहिला नंबर विधीचा!"

घरी पेढे वाटताना सुभाषचंद पुटपुटले, "शीक बाई. फक्त तो आवाज तेवढा बदल."

"का? इतकी वर्षं चालला की तुम्हाला!" राजकुंवरबाई म्हणाल्या.

भांडी घासणारी बेबाबाई दारातूनच बोलली, "अक्का, मना घरले बी एक द्या. मना नवरा मनं आयकत नही, तुमना आवाज आयकी!"

सुभाषचंद चपला घालून दुकानाकडे निघाले. उंबऱ्यापाशी मागून आवाज आला, "थांब मेल्या!"

ते थांबले. बायको बोलली की रोबोट, हे वळून बघायची हिंमत मात्र झाली नाही.