गुप्तहेराची भावकी

मरकड सरांना आज छातीठोकपणे सांगता येत नाही की गुप्तहेराची पहिली कॅसेट थोरल्याची होती की मधल्याची. थोरल्याची असावी. पण आक्का तेव्हा म्हणाल्या होत्या, "ह्याची भुवई लई वर जाती," आणि भुवई तर मधल्याची जायची. म्हणजे मधल्याची असावी. (सरांनी इंग्रजी साहित्यात डॉक्टरेट केली आहे आणि त्यांच्या प्रबंधात एकही तळटीप चुकलेली नाही. स्वतःच्या घरात काय घडलं ते मात्र त्यांना दर वेळी वेगळं आठवतं.) साल पंचाण्णव होतं, गाव पाथर्डी होतं आणि उन्हाळा होता, एवढं नक्की. पाथर्डीत उन्हाळा होता हे आठवायला काही फार स्मरणशक्ती लागत नाही.

त्या वर्षी सरांचा भाचा सूर्यभान गेला. शेवगावला एका सरकारी कचेरीत कारकून होता, तिसगावहून रोज एसटीने जाऊन-येऊन. पोटात दुखतंय म्हणून रजा टाकली आणि परत कामावर गेलाच नाही. मागे राहिली त्याची आई गोजरबाई, म्हणजे सरांची थोरली बहीण, जिला सगळे आक्का म्हणत; बायको लंका; रांगती मुलगी; आणि धाकटा भाऊ रविराज. रविराज बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात इतका रमला होता की तिथून हलायला तयार नव्हता. घरातल्यांना जरा हवापालट व्हावा म्हणून सरांच्या पत्नीने, म्हणजे मामींनी, सगळ्यांना पाथर्डीला बोलावून घेतलं.

आल्या दिवशीच लंकाने सरांना स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. पदर सावरत, खाली बघत, पण शब्द मोजूनमापून ती म्हणाली, "मामा, आत्याबाई तुमच्या शब्दाभाईर न्हाईत. त्यांच्या कानावर तेवढं घाला. ह्यांच्या जागंवर मला लागू द्या. मी सकाळच्या गाडीनं जाईन, सांजच्या गाडीनं येईन. पोरगी त्यांच्या मांडीवर ऱ्हाईल. मला घर सोडून कुटं जायचं न्हाई."

"बोलतो," सर म्हणाले. "योग्य वेळ पाहून बोलतो."

सरांच्या आयुष्यात योग्य वेळ ही नेहमी उद्या येणारी गोष्ट होती. आक्का दिवसभर भिंतीला टेकून बसायच्या. अशा बाईजवळ नोकरीचा विषय काढायचा कसा? आधी तिचं मन थोडं हलकं व्हायला हवं. सरांनी विचार केला, खूप विचार केला, आणि टीव्हीला जोडून कॅसेटी दाखवणारा व्हीसीपी भाड्याने आणला.

पहिला दिवस मराठी कौटुंबिक चित्रपटाने वाया गेला. पडद्यावरची सून रडली, तिला पाहून आक्का रडल्या, आक्कांना पाहून लंका रडली आणि कॅसेट बदलायला उठलेले सरही (चष्मा पुसण्याच्या निमित्ताने) रडले. मामी म्हणाल्या, "ह्यापेक्षा दवंडी पिटून रडायला बसवलं असतं तर वीज तरी वाचली असती."

म्हणून दुसऱ्या दिवशी सरांनी इंग्रजी चित्रपट आणला. इंग्रज सरकारच्या त्या जगप्रसिद्ध गुप्तहेराचा. त्यात कुणी फार वेळ रडत नाही. रडण्याआधीच कुणीतरी मोटारीतून उडी मारतं. सर शेजारी बसून एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. आक्का भिंत सोडून पुढे सरकल्या. गुप्तहेर बर्फावरून घसरत निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "पडंल की मेला," आणि तो पडला नाही तेव्हा चक्क हसल्या. सूर्यभान गेल्यापासून पहिल्यांदा.

सरांना वाटलं, आता एखादी कॅसेट अजून, की विषय काढू.

तिसऱ्या दुपारी नवी कॅसेट लागली. नाव तेच, टाय तीच, ऐट तीच, माणूस दुसरा.

"कानिफ," आक्का सरांना म्हणाल्या, "कालचा कुटं गेला?"

खरं उत्तर सोपं होतं: तो नट होता, कंटाळला, सोडून गेला. पण सर बहिणीच्या तोंडाकडे पाहत होते, आणि तिच्या पुढच्या प्रश्नाची त्यांना धास्ती होती.

"मेला का?" आक्कांनी विचारलंच.

लंकाने मुलीच्या अंगावरचं पांघरूण उगाच सारखं केलं. गेलेल्या माणसाच्या घरच्यांपुढे 'मेला' हा शब्द उच्चारायचा नाही, एवढंच त्या क्षणी सरांच्या डोक्यात होतं.

"नाही, नाही. त्याने नोकरी सोडली. हा त्याचा भाऊ."

"सख्खा?"

"सख्खा."

आक्का समाधानाने पाहू लागल्या. सरांनाही हायसं वाटलं. चौथ्या दुपारी तिसरा चेहरा आला, गंभीर, ओठ मिटलेला. तो धाकटा झाला. (मध्ये एकदाच येऊन गेलेला आणखी एक होता. सरांनी त्याला चुलत भावात धरला आणि त्याची कॅसेट आणली नाही.)

"तिघंबी सरकारी नोकरीत? लई वशिला दिसतोय," आक्का म्हणाल्या.

"तीन नोकऱ्या नाहीत, आक्का. जागा एकच. एक गेला की दुसरा."

"म्हंजे अनुकंपावर."

मयताच्या जागी घरच्याला घेण्यासाठीचा हा शब्द आक्कांनी सूर्यभानच्या कचेरीतल्या लोकांकडून ऐकला होता आणि पुढे महिनोन्महिने त्या तो देवाच्या नावासारखा घेत होत्या. सरांनी मान डोलावली. मान डोलावणं हे त्यांना बोलण्यापेक्षा नेहमीच सुरक्षित वाटत आलं आहे.

"अन् थोरल्याची बायकू?"

पडद्यावर धाकटा एका टँकरखाली लोंबकळत होता. सरांचं लक्ष टँकरकडे होतं.

"ती असेल घरी," ते म्हणाले.

मागे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. सरांनी वळून पाहिलं तेव्हा लंका स्वयंपाकघरात निघून गेली होती.

जूनमध्ये सगळे तिसगावला परतले, आणि योग्य वेळ अजून आलेली नसतानाच सरांना बोलावणं आलं. भावकीची बैठक बसली होती. ओट्यावर मधोमध आक्का, शेजारी त्यांचा चुलत दीर छगन, एका कडेला रविराज नखं कुरतडत. लंका दाराआड.

"ये कानिफ," आक्का म्हणाल्या. "ठरलं आमचं. जागा रवीला. थोरला गेला की धाकटा. सूनबाई घरी ऱ्हाईल, पोरीकडं बघंल. इंग्रजांत सुदिक तसंच हाय, तूच दावलंस."

सर म्हणाले, "आक्का, ते भाऊ नाहीत. ते नट आहेत. सोंगं काढतात ती माणसं. एकमेकांचे कुणी लागत नाहीत."

आक्का त्यांच्याकडे वळल्या. "तवा सख्खं म्हनलास."

"चुकून म्हणालो."

"चुकून एक म्हनतं मानूस. तू तिघं म्हनलास."

छगन तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "सर, सुनंची बाजू घ्यायची तर उघड घ्या. त्यापायी त्या बिचाऱ्या इंग्रजांची भावकी कशाला मोडता?"

सरांनी पुरावा द्यायचं ठरवलं. आयुष्यभर मुलांना दोन कवींची तुलना शिकवलेला माणूस. त्याने तीन नटांची तुलना मांडली. पहिला अंगापिंडाने दांडगा, आवाज जड, चालणं बिबट्यासारखं. माणूस मारला तरी त्याला काही वाटत नाही. दुसरा गोरागोमटा, गमत्या, संकटातही एक भुवई वर करून चेष्टा करणारा. त्याच्या कोटाला सुरकुती पडत नाही. तिसरा मुकाट, चिडका, आपलं काम आपल्यालाच आवडत नाही असं तोंड करून फिरणारा. नाकं वेगळी, केस वेगळे, बोलण्याची ढब वेगळी. एका आईची लेकरं अशी असतील का?

"नाकाचं राहू द्या," छगन म्हणाला. "तुमचं अन् आक्काचं नाक तरी कुटं एक हाय?"

सगळ्यांनी दोन्ही नाकांकडे पाहिलं. ती एक नव्हती.

"अन् सर, तुमी सांगितलं ते बराबर भावाभावांचंच हाय," छगनने तंबाखू तोंडात टाकली. "थोरला दांडगा, मधला गमत्या, धाकटा घुम्या. आमच्या चौघांचं असंच हाय. परक्या मानसांत येवढा फरक पडतच न्हाई."

बैठकीने मान डोलावली. रविराज तेवढा हळूच म्हणाला, "पर मला शेवगावला रोज..." आणि आक्कांनी त्याच्याकडे पाहिल्यावर पुन्हा नखाला लागला.

सर जोड्यांत पाय घालत असताना लंका दाराशी आली. "बोलला असता तर बरं झालं असतं, मामा," एवढंच म्हणाली. रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर सरांना रात्री झोप लागली असती.

कचेरीतलं प्रकरण सरकारी चालीने चाललं होतं, म्हणून अजून काही बिघडलेलं नव्हतं. आक्कांचं मन तेवढं वळवायचं होतं. सरांनी त्यांना समजावण्याची बरीच भाषणं तयार केली आणि आरशापुढे म्हणून पाहिली. (मामी म्हणाल्या, "आरशाचं मन वळलं असेल एव्हाना.") आणि मग पुढच्या वर्षी त्या गुप्तहेराचा नवा चित्रपट आला, आधीच्या चित्रपटानंतर बऱ्याच वर्षांनी. नवा नट. सर नगरला पेपर तपासायला गेले होते. संध्याकाळी थिएटरात जाऊन बसले आणि चित्रपट मध्यावर आला तेव्हा खुर्चीतून जवळजवळ उठलेच. गुप्तहेराच्या कचेरीची साहेब या खेपेला एक बाई होती. पिकल्या केसांची, करारी, टेबलामागे बसलेली. आणि गुप्तहेर तिच्यापुढे उभा.

सरांना तो थेट वरून आलेला आदेश वाटला. खोट्याने जे मोडलं ते खऱ्याने दुरुस्त होत नसेल, तर आणखी थोड्या खोट्याने होईल. (डॉक्टरेटच्या लोकांना असं सुचतं.) कॅसेट हाती येताच ते व्हीसीपी पोटाशी धरून जीपने तिसगावला गेले. आक्का, छगन, रविराज, लंका, सगळ्यांना समोर बसवलं.

"हा कोन?" आक्कांनी विचारलं.

"शेंडेफळ," सर म्हणाले.

"मंजी त्यो नट न्हाई आता. परत भाऊ झाला," छगन म्हणाला. सरांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. बाईसाहेब पडद्यावर आल्या तसे ते उभेच राहिले.

"आणि ही थोरल्याची बायको. नवरा गेल्यावर तिला नोकरी दिली. बघ आक्का, कुठल्या कुठे चढली."

आक्का पुढे झुकल्या. अगदी टक लावून पाहू लागल्या. सरांनी लंकाकडे पाहून डोळ्यांनीच धीर दिला. तेवढ्यात पडद्यावरच्या बाईने गुप्तहेराला फैलावर घेतलं. तू जुनाट आहेस, बायकांशी वागायची तुला रीत नाही, तुला मरायला पाठवायला मी कचरणार नाही, असं थंडपणे, पेला हातात धरून. सरांना इथे भाषांतर थांबवता आलं असतं. पण तोंडाला सवय लागली होती. त्यांनी शब्दन् शब्द सांगितला.

आक्का मागे भिंतीला टेकल्या.

"बघितलं का," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नोकरी दिली की दिराला हुबा करून बोलती. मरायला धाडीन म्हनती. अन् थोरल्याचं लेकरू कुटं हाय? लेकराचं एकदा तरी नाव घेतलं का तिनं?"

घेतलं नव्हतं.

"माझी सून असली न्हाई," आक्का म्हणाल्या आणि लंकाकडे पाहिलं. त्या पाहण्यात विचारणं होतं, थोडी भीतीही होती.

लंका उठली. तिने टीव्हीचा आवाज कमी केला. "मामा," ती म्हणाली, "आता पुरं करा. त्यांच्या मनात नव्हतं ते सुदिक तुमी घातलं." मग आक्कांपुढे बसून तिने सरळ सांगितलं की ती नोकरी करणार आहे. आक्कांनी एकच विचारलं, "मला हुबं करून बोलशील?" लंका रडू लागली, रडताना तिला उत्तर देता आलं नाही, आणि आक्कांनी त्या न बोलण्याचा अर्थ सरांच्या कॅसेटीतून काढला.

पावसाळ्यात लंका कामावर रुजू झाली. शेवगावला एक खोली घेतली, पोरीला सांभाळायला मिरजगावहून आपली आई आणली. तिसगावला ती दिवाळीला यायची, दोन दिवस राहायची. आक्का ओट्यावर बसून संध्याकाळची शेवगावची गाडी थांबते का बघायच्या, असं छगन सांगायचा. ते सांगताना तो सरांकडे पाहायचा नाही. रविराजने तिसगावात पिठाची गिरणी टाकली आणि तो त्यात खूश होता. नोकरी त्याला कधीच नको होती; पण हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, सरांनीसुद्धा नाही. पुढे काही वर्षांनी आक्का गेल्या. त्या दिवशी लंका सरांच्या पाया पडली आणि म्हणाली, "बसा, सर." मामा म्हणाली नाही. सरांनी आधी मनाची समजूत घातली की गडबडीत म्हणाली असेल. त्यानंतर ती कधीच मामा म्हणाली नाही.

सर निवृत्त झाले. कॉलेजमधला एक शिपाई वारला, त्याच्या बायकोचं प्रकरण लिहून द्यायला कुणी नव्हतं म्हणून लोक सरांकडे आले. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा अनुकंपा नियुक्तीचे नियम समोर घेतले आणि चष्मा लावून वाचले. वाचता वाचता एका ओळीवर थांबले. ती परत वाचली. पेन्सिलीने खूण केली, उठले, पाणी प्यायले आणि लंकाला फोन लावला.

"लंका, मी कानिफमामा. अगं, मयत माणूस लग्न झालेला असेल तर त्याच्या भावाला ती जागा मिळतच नाही. नियमात भाऊ बसतच नाही. बैठक, कॅसेटी, कशाचीच गरज नव्हती."

पलीकडे फाईल मिटल्याचा आवाज आला.

"व्हय, सर," लंका म्हणाली. "मला तेराव्यालाच कचेरीतल्यांनी सांगितलं हुतं. नोकरीचं मला भ्या नव्हतंच. आत्याबाईंनी राजीखुशीनं व्हय म्हनावं म्हनून तुमच्याकडं आलते."

"मग मला का नाही सांगितलंस, की नियम असा आहे?"

"तुमी येवढे शिकलेले," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमाला ठावं असंल."

फोन ठेवून सरांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. भाऊ त्यात नव्हताच. थोरला नाही, मधला नाही, धाकटाही नाही.