नाल्यास वाट दिल्याची हकीकत

झांशी शहरीं, सदर बाजाराचे पलीकडे, नाला वळण घेतो त्या वसाहतींत जी लढाई जाहली, तिची हकीकत येणेंप्रमाणें. वाचणारांनीं पायजमे वर खोचून वाचावी.

राजश्री मधुसूदनराव, बँकेंतून निवृत्त, बाणा मात्र सरदारी. वळणाचे आंतील बाजूस सखल जमीन होती, पावसाळां पाणी तेथें पसरे आणि उतरे. ती रावांनीं बागेंत घेतली आणि छातीइतकी भिंत घातली आणि गुलाब लाविले आणि गनीम कायमचा जेर केला ऐसें मनीं धरिलें.

मग श्रावणीं नाला फौजेनिशीं चालून आला, आणि भिंतीवर आदळून माघारा फिरला, आणि समोरचे कांठीं कमळाबाईंचे घरांत शिरला. रावांचें अंगण कोरडें. सबब रावांनीं मिशांस पीळ दिला.

सकाळीं कन्या अनुया, जी शाळेंत भूगोल शिकवी, तिनें बापास पलीकडे नेलें. रावांची पत्नी वारली तेव्हां याच कमळाबाईंनीं महिनाभर डबा पोंचविला होता. त्या आतां विटांवर चढविलेल्या खाटेवर, मांडीवर पिठाचा डबा घेऊन बसल्या होत्या.

"आइए भैया, पाय वर घेऊन बसा."

तक्रारीचा शब्द नाहीं. रावांस मेल्याहून मेलें जाहलें. त्यांनीं फर्माविलें कीं बाईंचे बाजूसही भिंत बांधून देऊं.

"मग पाणी खालच्या घरी, ईशाकडे जाईल ना? तिचं बाळ तान्हं आहे."

अनुया म्हणाली, "बाबा, नाला हमला नाही करत. पसरायला जागा लागते त्याला. ती आपण घेतली."

मग हुकूम सुटला कीं भिंत जमीनदोस्त करावी. पहिला घाव खासा रावांनीं घातला, दुसऱ्यास कंबर धरली, आणि पुढील मोहीम खुर्चीवर बसून, मलम चोळीत चालविली.

भाद्रपदीं नाला दुणावून आला, आणि बागेंत निर्वेध शिरून गुलाब आडवे केले, चिखलाचे गालिचे अंथरिले, आणि ऐसपैस पसरून निवाला. कमळाबाईंचे उंबऱ्यास पाणी लागलें नाहीं, ईशाचेंही घर सुखरूप. राव गच्चीवरून पाहत होते.

"वाईट वाटतंय, बाबा?"

"वाटतंय तर! पण आने दो. त्याचीच जागा आहे."

ऐसा आपला कोट आपण पाडून आणि शत्रूस आपले मुलखीं मुक्काम देऊन राजश्री मधुसूदनराव फत्ते पावले. मुलूख गेला, शेजार राखिला. हें दफ्तरीं नमूद असे.