उजवीकडचं फूटरेस्ट

शुक्रवारी सकाळी पावणेआठला, ऐन चौकात, मोटारसायकलच्या मागच्या उजव्या फूटरेस्टने मान टाकली. त्यावर पाय रोवून बसलेल्या बायकोचा पाय हवेत लोंबकळला, पायातली चप्पल निसटली आणि मागून येणाऱ्या पाण्याच्या टँकरखाली गेली. गाडी चालवणाऱ्या नवऱ्याला यातलं काहीच कळलं नाही. पुढच्या सिग्नलपर्यंत तो किराणा दुकानातल्या तराजूंबद्दल बोलत राहिला.

तराजू हा त्याचा धंदाच होता. तो वजनमापे निरीक्षक होता. शहरातल्या कुठल्याही दुकानात तो शिरला की दुकानदार आधी चहा मागवत आणि मग काटा पुसत. दहा ग्रॅमचा फरक तो नुसत्या नजरेने ओळखायचा. स्वतःच्या गाडीचं फूटरेस्ट चार महिने खुळखुळत होतं, ते मात्र बायकोने सांगूनही त्याच्या नजरेत आलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बायको हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. "श्वास रोखा, हलू नका," असं ती दिवसातून साठ वेळा म्हणायची आणि माणसं हलत नसत. घरातही हलत नसत. त्या दिवशी ती एका चपलेवर कामाला गेली आणि संध्याकाळी एक कागद घेऊन घरी आली.

"हा काय?" नवऱ्याने विचारलं.

"हॉस्पिटलच्या बसचा फॉर्म. सोमवारी बाराच्या आत द्यायचाय. सहा महिन्यांतून एकदाच नावं घेतात."

"अगं, फूटरेस्ट म्हणजे पाच मिनिटांचं काम आहे."

"ही पाच मिनिटं मी मार्चपासून ऐकतेय. सोमवारी सकाळी ते नीट झालेलं असलं तर ठीक. नाहीतर मी बसने जाईन."

नवऱ्याला रात्री जेवण गेलं नाही. बसमुळे पैसेही वाचले असते आणि वेळही. पण संध्याकाळी दोघं घरी यायची ती दमून, आणि जेवताना बोलणं व्हायचं ते गॅस, पाणी नि विजेचं. खरं बोलणं व्हायचं ते सकाळच्या त्या पंचवीस मिनिटांत. ती मागून त्याच्या हेल्मेटपाशी तोंड आणून बोलायची आणि तो पुढे बघून ऐकायचा. आख्ख्या दिवसात त्याला एवढंच आवडायचं. हे त्याने अकरा वर्षांत तिला सांगितलं नव्हतं. अशी गोष्ट सांगायची कशी, याचं माप त्याच्याकडे नव्हतं.

शनिवारी तो गॅरेजवाल्याकडे गेला. गॅरेजवाल्याला सगळी गल्ली 'होऊन जाईल' म्हणायची.

"होऊन जाईल साहेब," तो म्हणाला. "ठेवून जा. मंगळवारी मिळेल."

"मला सोमवारी सकाळी हवीय."

"सोमवारी होऊन जाईल. मिळेल मंगळवारी."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. नवरा दोन पाने आणि एक पक्कड उसनी घेऊन घरी आला आणि खालच्या बोळात गाडीशेजारी मांडी घालून बसला. फूटरेस्टमध्ये एक पिन होती, झिजून मधेच बारीक झालेली. ती त्याने ओढली. पिनेबरोबर एक स्प्रिंग आणि एक छर्रा बाहेर आला. स्प्रिंग त्याच्या कपाळाला लागून खाली पडली. छर्रा टण् टण् उड्या मारत बोळाच्या टोकाला गेला, गटाराच्या जाळीवर क्षणभर थांबला आणि आत पडला.

मग त्याने छर्ऱ्याच्या जागी वॉशर घातले. एक घातला, सैल. दोन घातले, सैल. पाच घातल्यावर फूटरेस्ट घट्ट झालं, फक्त ते डाव्यापेक्षा वर राहिलं. दुसरा कुणी असता तर तेवढ्यावर उठून हात धुतले असते. हा वरून मोजपट्टी घेऊन आला. फरक अकरा मिलिमीटर होता. ज्याने अर्ध्या मिलिमीटरसाठी कापडवाल्यांच्या पट्ट्या जप्त केल्या, त्याच्या गाडीला अकरा मिलिमीटर शोभणार नव्हते. म्हणून त्याने डावं फूटरेस्ट खोललं. डाव्याला काहीही झालेलं नव्हतं.

डावं वर आणायला तीन वॉशर लागले. मग ते उजव्याच्या वर गेलं. उजव्यात एक वाढवला. पुन्हा डाव्यात एक. दिवेलागणीपर्यंत दोन्ही फूटरेस्टं कमरेकडे निघाली होती. खाली आणायला म्हणून त्याने सगळं सोडवलं, तेव्हा दोन्ही लोंबत होती आणि डावीकडचाही छर्रा गटारात गेला होता.

बायको खिडकीतून डोकावली. "किती वेळ?"

"झालंच," तो म्हणाला. त्याला रडू येईल असं वाटत होतं.

रविवारी सकाळी त्याने कधी केलं नव्हतं ते केलं. तो दोन गल्ल्या ओलांडून सासऱ्यांकडे गेला. सासरे कारखान्यातले फिटर, निवृत्त होऊन सात वर्षं झालेली. घरातले सगळे नळ, कड्या, बिजागऱ्या दुरुस्त करून संपल्यामुळे ते खिन्न असत. जावयाने "बाबा, जरा येता का?" म्हटल्यावर त्यांनी चहा अर्धा टाकला आणि चष्मा शोधला.

बोळात उकिडवं बसून त्यांनी उजवीकडची पिन उन्हात धरली. बराच वेळ फिरवून पाहिली.

"जावईबापू, ही झीज बसण्याची नाही. बसण्याची झीज वरून येते. ही पुढून आलीय. कुणीतरी पायाने पुढे दाबतंय. रोज. जोर लावून."

"कोण दाबणार?"

सासऱ्यांनी वर खिडकीकडे पाहिलं. खिडकीत त्यांची मुलगी उभी होती. ती आत गेली. सासऱ्यांनी पिन रुमालात गुंडाळून खिशात टाकली.

"बाबा, नवीन पिन घालू या की."

"आज दुकानं बंद."

"मग वेल्डिंग करून टाकू? पुन्हा म्हणून हलायला नको."

सासऱ्यांनी पुन्हा खिडकीकडे पाहिलं. "तुम्ही म्हणत असाल तर करू," ते म्हणाले.

खिडक्यांचे गज जोडणारा एक वेल्डर रविवारीही काम करायचा. त्याने दोन्ही फूटरेस्टं अशी जोडली की गाडी मोडली असती, फूटरेस्टं मोडली नसती. नवऱ्याने मोजपट्टी लावली. फरक शून्य. अकरा वर्षांत एवढं समाधान त्याला झालं नव्हतं. ते बोळात गाडी घालेपर्यंत टिकलं. आता फूटरेस्टं दुमडत नव्हती, आणि दोन्हीकडे ताठ हात पसरलेली गाडी बोळात मावत नव्हती. ती कशीबशी घुसवताना एका बाजूचा रंग गेला. संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरच्या काकूंसह तिघांच्या नडग्या फुटल्या आणि तिघंही येऊन बोलून गेली. नवऱ्याने सगळं खाली मान घालून ऐकलं. सोमवार सकाळ आपली आहे, एवढंच तो मनाशी म्हणत होता.

बायको उभ्या गाडीवर बसून बघायला आली. तिने दोन्ही पायांनी जोर लावला. "हलत नाही," ती म्हणाली. आवाजात कौतुक होतं की आणखी काही, ते त्याला कळलं नाही. फॉर्म तिने फाडला नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला.

सोमवारी दोघं निघाली. गाडी कशी लोण्यासारखी चालली होती. कुठे खुळखुळ नाही, कुठे खट् नाही. शाळेपुढचा गतिरोधक आला तसा गेला, म्हणजे दोघं हवेत गेली आणि परत आली, आणि तिचा डबा त्याच्या पाठीत बसला. चौकातला सिग्नल लाल होता हे त्याला चौक ओलांडल्यावर कळलं. हॉस्पिटलच्या वळणावर पावाची गाडी आडवी आली, आणि तो जेमतेम तिच्या दाराला आरसा घासून थांबला. मागे ती एक शब्द बोलली नव्हती. पंचवीस मिनिटांतलं एकही मिनिट त्याला मिळालं नव्हतं.

फाटकापाशी ती उतरली.

"ब्रेक लागत नव्हता," ती म्हणाली.

"लावला की मी. जरा उशिरा लागला असेल."

"तुमचा नाही हो. माझा." तिने उजव्या फूटरेस्टकडे बोट दाखवलं. "अकरा वर्षं मी तिथे दाबते आणि गाडी हळू होते. मला माहितीय की त्याला तार नसते. पण व्हायची. आज दाबलं तर दगड."

नवरा गाडीवर तसाच बसून राहिला. गतिरोधकापाशी खट्. सिग्नलला खट्. वळणावर खट्. तो आवाज आला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. तो आवाज गाडीचा नव्हता आणि रस्त्याचाही नव्हता, हे त्याला आत्ता कळत होतं. आपण गाडी चांगली चालवतो, असा त्याचा समज होता.

"अगं, मी ते ऐकूनच ब्रेक मारायचो," तो म्हणाला. "आणि ती वेळ... सकाळची... मला ती पाहिजे."

त्याला एवढंच जमलं. मग तिने घड्याळ पाहिलं. "बारापर्यंत फॉर्मची खिडकी उघडी असते," असं म्हणून ती आत गेली.

नवऱ्याने कचेरीत रजा कळवली आणि थेट सासऱ्यांचं दार वाजवलं. सासरे तयारच होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला. रुमालात झिजलेली पिन होती.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"हिची आई माझ्या सायकलवर मागे बसायची. उतार आला की पाठीत चिमटा काढायची. ती गेल्यापासून मी उताराला उतरून सायकल हातात धरतो."

"मग काल वेल्डिंग का करू दिलंत?"

सासरे चष्मा पुसू लागले. "अकरा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला काही विचारायला आलात. नाही कसं म्हणू?"

निरीक्षक त्यांना घेऊन वेल्डरकडे गेला. वेल्डरने काल जोडलेलं आज कापून दिलं आणि दोघांकडे काळजीने पाहिलं. तिथून दोघं गाडी ढकलत 'होऊन जाईल'कडे गेले. डावीकडे त्याने नवी पिन ठोकली. उजवीकडे त्याच्या हातात जुनी पिन दिली, तेव्हा तो थांबला.

"साहेब, ही तर सैल होईल."

"सैलच करायचंय."

"किती सैल?"

जन्मभर ग्रॅम आणि मिलिमीटर मोजलेल्या माणसाने इकडेतिकडे पाहिलं. "खट् वाजेल इतकं," तो म्हणाला.

बाराला दहा कमी असताना गाडी हॉस्पिटलच्या फाटकात आली. निरोप गेल्यावर बायको अंगावरचा जाड शिशाचा एप्रन न काढताच बाहेर आली. एका हातात फॉर्म होता, भरलेला, सहीसकट. नवऱ्याला तो दिसला आणि त्याने इंजिन बंद केलं.

ती गाडीवर मागे बसली. तिने उजवा पाय दाबला. फूटरेस्ट खुळ खुळ खुळ असं तीनदा वाजून खाली लोंबलं.

"जास्तच सैल झालंय," ती म्हणाली.

"पुन्हा करून आणतो. अर्ध्या तासात आणतो."

"हलू नका."

तो हलला नाही. ती उतरली. तिने फॉर्मची घडी घातली, पुन्हा घातली, पुन्हा घातली, आणि तो बोटाएवढा जाड कागद पिनेशेजारच्या फटीत अंगठ्याने ठोसून बसवला. मग परत बसून पाय रोवला आणि पुढे दाबला.

खट्.

नवऱ्याचा पाय उभ्या गाडीच्या ब्रेकवर गेला.

"सोडा श्वास," ती म्हणाली आणि एप्रन सावरत आत गेली.