फोटोच्या मागे काय लिहिलंय

"हे काय गं, सगळं पांढरं पांढरं?" दौलतरावांनी कॉम्प्युटरकडे बघून नाक मुरडलं. "लग्नाच्या हॉलाची साइट हाय का दहाव्याची?"

खरवईच्या दौलत मंगल कार्यालयाची साइट तेजस्वीने मनापासून केली होती. वर नाव, त्याखाली फोन नंबर, हॉलचा एक फोटो आणि बदलापूर स्टेशनवरून यायचा रस्ता. आलेल्या माणसाला हवं ते पहिल्या झटक्यात सापडलं पाहिजे, असं उल्हासनगरच्या क्लासमधले सर सांगायचे. पण सरांना दौलतकाका कुठे माहीत होते? तिचे वडील गेल्यापासून घरात काकांचाच शब्द चालायचा. पुण्याला वेब डिझाइनच्या कोर्सला जायचं तर त्यांचीच परवानगी लागणार होती आणि त्यांनी अट घातली होती. साइट बघून आलेल्या पार्टीचं एक जरी लग्न हॉलात ठरलं, तर खुशाल जा. नाहीतर ऑफिसात बसून मंडपवाल्यांचे फोन घे.

"काका, साधं असलं की लवकर उघडतं."

"ते ऱ्हाऊ दे. आपली मानसं कुठं हायत यात?"

"कुठली माणसं?"

"घरची. बॅनर लावतो तवा शुभेच्छुक टाकतो ना आपण?"

त्यांच्याकडे पोराच्या पहिल्या वाढदिवसाचा बॅनर लागला तरी पोरगं टिकलीएवढं आणि भोवती अख्खी भावकी असायची. तेव्हा साइटवरही सर्वांत वर काकांचा फोटो आला, मोबाइल कानाला लावलेला. मग जयदेवमामांचा आला, गॉगलसकट. मामा आले म्हटल्यावर मोतीआत्याने निरोप धाडला की माहेरात माझी किंमत काय ती आज कळली. आत्याचा फोटो मामांपेक्षा मोठा टाकावा लागला, मग मामांचा मोठा करावा लागला. काकांचा मुलगा धर्मेश एवढा लाजाळू, की तोंडावर हात धरलेलाच फोटो मिळाला. फोन नंबर खाली सरकत सरकत पार तळाला गेला. तो हवा असेल तर आधी सगळ्या भावकीला रामराम घालत उतरायचं.

सरांचा एक नियम मात्र तेजस्वीने सोडला नाही. प्रत्येक फोटोमागे दोन ओळी लिहायच्या. फोटो उघडला की त्या झाकल्या जातात, नेट हळू असलं की फोटोच्या जागी त्याच दिसतात. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा कॉम्प्युटर त्याच ओळी मोठ्याने वाचून दाखवतो. म्हणून खरं तेच लिहा, असं सर बजावायचे. तेजस्वीने अगदी खरं तेच लिहिलं. डोकं तापलेलं होतं, आणि घरच्या कॉम्प्युटरवर फोटो झटकन उघडत होते. मागे काय आहे ते कोण बघतंय?

घरात नेट नव्हतं, म्हणून उद्घाटन स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत ठरलं. साइटचा पत्ता छापलेली कार्डं काकांनी आधीच पार अंबरनाथपर्यंत वाटून टाकली होती. काकांनी मॉनिटरला हळदकुंकू लावलं आणि टेबलाच्या कडेवर नारळ फोडला. मालक ओरडेपर्यंत अर्धं पाणी कीबोर्डात गेलं होतं. मग साइट उघडू लागली, मुंगीच्या पावलांनी. काकांचा सोडून बाकीचे फोटो येईनात. रिकाम्या चौकटी आल्या आणि त्यात अक्षरं.

मामांनी गॉगल काढून मोठ्याने वाचलं, "'मोतीआत्या. पहिल्या पंगतीला बसतात, शेवटच्या पंगतीलाही बसतात.'"

ते खो खो हसले. आत्या पुढे सरकल्या आणि वाचू लागल्या. "'जयदेवमामा. प्रत्येक लग्नात रुसतात. जिलबी दिली की हसतात.' बरोबर लिवलंय की."

मामा तिथेच रुसले. धर्मेशची चौकट कुणी मोठ्याने वाचली नाही, पण तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. काकांचा आवाज चढला. "तेजू, आत्ताच्या आत्ता काढ सगळं."

काढणार कसं? कीबोर्ड मेला होता, जवळपास दुसरा कॅफे नव्हता, आणि मालकाने या घरातल्या माणसांना यापुढे पायरी चढू द्यायची नाही असं जाहीर केलं. साइट तशीच राहिली. तेजस्वी ऑफिसात बसून मंडपवाल्यांचे फोन घेऊ लागली. पुणं गेलं, असं मनाशी म्हणून एकदा रडूनही घेतलं.

त्याच आठवड्यात हॉलवर अंबरनाथचे हरिचंद्र मास्तर आले, लेकीचा हात धरून. मास्तर जन्मापासून आंधळे.

"तुमची साइट मी ऐकली," ते काकांना म्हणाले. "बाकीच्या साइटींवर मला नुसतं फोटो, फोटो एवढंच ऐकू येतं. तुमच्याकडे माणसं कळली. हॉलचं नंतर बघू. ते धर्मेश कोण?"

"माझा मुलगा. का?"

"'लाजतो, पण मटण काकूपेक्षा झकास करतो. मुलगी बघणं चालू आहे.' आमच्या सुनेत्राला चहासुद्धा धड येत नाही. म्हटलं, भेटून यावं."

धर्मेश दाराआड होता. सुनेत्रानेच हाक मारली, "मटण खरंच करता?"

"रविवारी करतो," दार म्हणालं.

रविवारी दोन्ही घरं एकत्र जेवली आणि ताटं उचलायच्या आत लग्न ठरलं, ह्याच हॉलात. तेजस्वीने हळूच काकांकडे पाहिलं.

"ए, हे बुकिंग धरायचं नाय हां," काका म्हणाले. "घरचं लगीन, घरचा हॉल. अट येगळी होती."

तिचा चेहरा पडला. मास्तरांनी हात पुसले. "दौलतराव, सगळ्यात वरचा फोटो तुमचाच ना?"

"माझाच. रुबाबदार हाय ना?"

"ते मला काय दिसणार? मागचं तेवढं ऐकलं."

उद्घाटनाच्या दिवशी पुरता उघडला होता तो एकट्या काकांचा फोटो. त्याच्यामागचं कुणी वाचलंच नव्हतं.

"'दौलतकाका. शब्द देतात. पाळल्याचं अजून कुणी पाहिलेलं नाही,'" मास्तर म्हणाले. "सोयरीक पक्की करायच्या आधी विचारून घ्यावं म्हटलं."

मोतीआत्यांचं चावणंसुद्धा थांबलं. काकांनी घसा खाकरला.

"पोरांचा चावटपणा हो. हिलाच विचारा, परवा चाललीय पुण्याला. नवी बॅग मीच घेऊन देतोय."

"चाकांची हवी," तेजस्वी म्हणाली.