बाण कुठं गेला?

आमचे शेजारी मोटघरे सर माणसांची ओळख फाईलसारखी करून देतात. "हा आमचा जावई. कुठंही उघडते." "हे पोस्टमास्तर. उघडतात, पण आवाज येत नाही." एकदा माझ्या विहीणबाईंसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "अन् ह्या बाई. बंदच होत नाहीत जी!"

भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर थोड्याच दिवसांत सरांनी लाखांदूरला एसटी स्टँडमागे कॉम्प्युटर क्लास काढला. आम्हा शाळेतल्या बायांना कॉम्प्युटरचा दाखला आणायचा हुकूम निघाला होता. आज नातवंडं माझ्यापुढे मोबाईल नाचवतात, त्यांना हे सांगू नका, पण पहिल्या दिवशी मी माऊस उचलून टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्यावर रोखला होता. वर सरांनाच विचारलं, "याचे सेल संपले का?"

सर प्रत्येक धडा रेकॉर्ड करत. त्यात माणूस दिसायचा नाही. नुसता कॉम्प्युटरचा पडदा, त्यावर शिकणाऱ्याच्या हातानं फिरणारा बाण आणि मागून सरांचा आवाज. ज्या प्रोग्रॅमनं हे रेकॉर्ड व्हायचं, त्याच्या फायली फक्त त्यातच उघडायच्या. पुढे तो बनवणारी कंपनी बुडाली. प्रोग्रॅम उरला सरांच्या एका जुन्या कॉम्प्युटरवर, आणि तोही खोकायला लागला. सुरू होताना इतका कुरकुरायचा की सर त्याच्या डोक्यावर हात ठेवून "चाल राजा, चाल" म्हणायचे. राजा कायमचा झोपायच्या आत फायली नव्या फॉरमॅटमध्ये काढायच्या, हा सरांना एकच ध्यास.

मी तेव्हा नुकतीच रिटायर झालेली. मुलानं लॅपटॉप दिलेला, म्हणजे विद्वत्ता अंगात मावेना. "द्या इकडं," म्हटलं. दुपारभर बसून एकेका फाईलच्या नावाचं शेपूट खोडलं आणि तिथं एमपीफोर लिहिलं. "घ्या, झाल्या बदलून!"

एकही उघडेना.

सर म्हणाले, "बाई, लग्नात तुमचं नाव बदललं ना?"

"हो. कुसुमची सुनंदा केली."

"मंग स्वभाव बदलला काय?"

सासूबाई शेवटपर्यंत हेच विचारत होत्या. मी मुकाट्यानं सगळी शेपटं परत लावली.

मग मुलानं नागपूरहून एक कन्व्हर्टर पाठवला. चित्र आलं, आवाज आला. मी शिरा केला. सरांनी मधलाच एक धडा लावून पाहिला आणि ताटली बाजूला सारली.

"बाण कुठं गेला?"

खरंच, बाण नव्हता. त्या प्रोग्रॅमची खोडच अशी की चित्र वेगळं ठेवायचा आणि बाण वेगळा. कन्व्हर्टर चित्र घ्यायचा, बाण मागेच राहायचा.

"सर, सगळं तर कळतंय. त्या बाणाचं काय लोणचं घालायचंय?"

"मले बाणच पायजे."

आणखी दोन कन्व्हर्टर झाले. सर मान हलवत राहिले. "तणस नेलं अन् धान ठेवून गेले जी."

शेवटी मी म्हटलं, "जुन्या मशीनवर लावा. मी मोबाईलनं पडद्याचंच शूटिंग करते."

"हे तं शेजाऱ्याच्या खिडकीतून टीव्ही पाहणं झालं!" सर चिडले. पण त्या दिवशी राजा दोनदा बंद पडून तिसऱ्यांदा उठला, तेव्हा ते नरमले. "बरं. एकच फाईल काढा. पहिली. बाकीच्या राहू द्या."

आवाज नको म्हणून पंखा बंद केला. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवला. फाईल उघडली आणि बाण आला.

पण कसा! एका चित्राजवळ जायचा, थरथरायचा, लांब पळायचा, पुन्हा येऊन भोवती फिरायचा. सुपातले खडे निवडणाऱ्या बोटासारखा. मला हसू फुटलं. "सर, हा माझाच धडा दिसतो! एवढं घाबरट दुसरं कोण?"

तेवढ्यात फाईलमधून सरांचा तरणा आवाज खेकसला, "अवं शेवंता, दाब ना! घाबरतेस कायले?"

माझं हसू तिथंच थिजलं. शेवंताबाई म्हणजे सरांची बायको. क्लास सुरू व्हायच्या आधी सरांनी शिकवण्याचा सराव तिच्यावरच केला होता. ती जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. फोटो काढायचा म्हटलं की पदर ओढून आत पळायची. बोलणं तर मोजून चार शब्द.

"तो तिचा हात हाय, बाई," सर म्हणाले.

फाईलमधले सर पुन्हा ओरडले, "दाब लवकर! किती वेळ लावतेस!"

माझ्या शेजारचे सर पडद्याकडे वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "नको दाबू. फिर तू. काही घाई नाही."

मोबाईल चालूच होता. त्यामुळे त्या फाईलमध्ये आता सरांचे दोन्ही आवाज आहेत, आणि मध्ये तो बाण, अजून न दाबलेला. मी ती सरांच्या मोबाईलवर पाठवली.

कुठंही उघडते.